साडेसात हजार पौंड आणि घराची ऊब

इंग्लंडात किंवा वेल्समध्ये ज्यांनी स्वतःचे घर घेतले आहे, त्या घराच्या कर्जाचे हप्ते जे नियमाने फेडीत आहेत, आणि दर हिवाळ्यात कुरकुरणारा जुना गॅस बॉयलर आणखी किती वर्षे साथ देईल या विवंचनेत जे आहेत, अशा मराठी कुटुंबांना हीट पंप बसविण्यासाठी सरकारकडून साडेसात हजार पौंडांचे अनुदान मिळू शकते, ही वार्ता एव्हाना कोणाकडून ना कोणाकडून कळलेली असेलच. वार्ता खरी आहे. परंतु अनुदान कसे मिळवावे एवढेच सांगून थांबणे वाचकांच्या हिताचे होणार नाही. कारण ही रक्कम उत्तम रीतीने आखलेल्या कामाला जेवढी मिळते तेवढीच निष्काळजीपणे उरकलेल्या कामालाही मिळते, ती एकदाच मिळते, आणि त्यानंतरची अनेक वर्षे विजेचे बिल मात्र आपल्यालाच भरावयाचे असते. म्हणून अर्जाचा मार्ग आणि कामाची पारख या दोहोंचा विचार येथे एकत्र केला आहे, आणि त्यांपैकी दुसऱ्या विषयाला मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

ज्या योजनेतून हे अनुदान मिळते तिचे नाव 'बॉयलर अपग्रेड स्कीम'. ती 2022 साली सुरू झाली. तिच्या आधी, 2014 पासून, घरगुती वापरासाठी 'रिन्यूएबल हीट इन्सेंटिव्ह' नावाची निराळी व्यवस्था होती. तिच्यात घरमालकाने प्रथम सारा खर्च पदरचा करावयाचा आणि मग सात वर्षे दर तिमाहीला हप्त्याहप्त्याने त्याचा मोबदला घ्यावयाचा, असा प्रकार असे. ज्याच्यापाशी मुळात भांडवल आहे त्यालाच ती व्यवस्था मानवणारी होती, आणि 31 मार्च 2022 रोजी नव्या अर्जदारांना तिचे दार बंद झाले. नव्या योजनेने एकरकमी अनुदान देऊ केले: आरंभी हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाला पाच हजार पौंड व जमिनीतून घेणाऱ्या पंपाला सहा हजार, आणि 23 ऑक्टोबर 2023 पासून दोहोंनाही साडेसात हजार. याखेरीज, घरावर बसविलेल्या हीट पंपावरील मूल्यवर्धित कर 1 एप्रिल 2022 पासून शून्य करण्यात आला असून ही सवलत 31 मार्च 2027 पर्यंत आहे; त्यानंतर तो पाच टक्के व्हावयाचा आहे. दरपत्रकात कराचे कलम दिसले तर ते कोणत्या आधाराने लावले, हे तत्काळ विचारावे.

पात्रतेच्या अटी फार जाचक नाहीत. घर आपल्या मालकीचे असावे, मग त्यात आपण स्वतः राहत असा किंवा ते भाड्याने दिलेले असो. बदलावयाची तापनव्यवस्था गॅस, तेल, कोळसा यांवर अथवा साध्या विजेच्या हीटरवर चालणारी असावी. आधीच बसविलेला हीट पंप काढून त्या जागी दुसरा बसविण्यास हे अनुदान नाही. नवा पंप साऱ्या घराची ऊब आणि घरातील सारे गरम पाणी पुरविणारा असला पाहिजे, म्हणजे गॅस बॉयलर ठेवून त्याच्या जोडीला पंप, अशी संमिश्र मांडणी चालत नाही. विकासकाने बांधलेले नवे घर वगळले आहे. स्वतः बांधून घेतलेल्या घराला मात्र मुभा आहे. घराच्या ऊर्जाक्षमतेचा दाखला, ज्याला सर्वत्र 'ईपीसी' म्हणतात, तो जवळ असू द्यावा. हा दाखला दहा वर्षे चालतो, आणि आपल्या घराचा आहे की नाही हे सरकारी नोंदवहीत टपाल-संकेतांक घालून विनामूल्य पाहता येते. पूर्वी या दाखल्यात माळ्याच्या किंवा भिंतीच्या पोकळीतील उष्णतारोधक अस्तराची शिफारस असेल तर ते काम आधी उरकल्यावाचून अनुदान मंजूर होत नसे. 2024 च्या मे महिन्यात ती अट काढून टाकण्यात आली. अट गेली म्हणून शिफारस निरर्थक झाली, असे मात्र कोणी समजू नये. माळ्यावर अस्तर घालणे हे सर्वांत स्वस्त काम आहे, त्याने पंप लहान पुरतो, आणि हे काम पंपाच्या मोजमापापूर्वी व्हावे हे इष्ट; मोजमाप झाल्यावर अस्तर घातले तर पंप गरजेपेक्षा मोठा ठरतो.

आता अर्जाविषयी. येथे आपल्या लोकांचा एक स्वाभाविक गैरसमज होतो, तो असा की सरकारी अनुदान म्हटले की आपण अर्ज भरावयाचा, कागद जोडावयाचे आणि मंजुरीची वाट पाहावयाची. या योजनेत अर्ज घरमालक करीत नाही. पंप बसविणारा कारागीर किंवा त्याची कंपनी आपल्या वतीने तो 'ऑफजेम' या नियामक संस्थेकडे करते. अर्ज दाखल झाला की ऑफजेम आपल्याशी ई-मेलद्वारे संपर्क साधून, या इसमाला आपण खरोखरच हे काम सोपविले आहे काय, हे विचारते, आणि त्या विचारणेला ठरावीक मुदतीत होकार दिल्यावाचून प्रकरण पुढे सरकत नाही. अनेकांचे हे पत्र नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात पडून राहते, म्हणून त्या दिवसांत तो कप्पाही उघडून पाहावा. मंजुरी मिळाल्यावर व्हाउचर निघते. हवेच्या पंपासाठी त्याची मुदत तीन महिने, जमिनीच्या पंपासाठी सहा. अनुदानाची रक्कम आपल्या हाती येत नाही, ती कंपनीला मिळते, आणि कंपनीने आपल्या बिलातून ती वजा करून दाखवावयाची असते. समजा, कामाची किंमत साडेबारा हजार पौंड ठरली, तर आपण पाच हजार द्यावयाचे. दरपत्रकात पूर्ण किंमत, वजा केलेले अनुदान आणि आपला भाग ही तीनही कलमे स्वतंत्र लिहिलेली असावीत, आणि काही कारणाने अनुदान नामंजूर झाले तर बोजा कोणावर, हेही करारनाम्यात स्पष्ट असावे. कारागीर 'एमसीएस' या प्रमाणन संस्थेचा सनदधारक असलाच पाहिजे; त्यावाचून अर्जच होत नाही. त्याचा क्रमांक त्याच्या तोंडून ऐकून न थांबता संस्थेच्या जाहीर यादीत पडताळून घ्यावा.

इतके झाले की कागदोपत्री भाग संपतो, आणि खरा विचार सुरू होतो.

हीट पंप उष्णता निर्माण करीत नाही, ती एका जागेहून उचलून दुसऱ्या जागी नेतो, अगदी स्वयंपाकघरातील फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो तसा. बाहेरची हवा शून्याच्या खाली गेली तरी तिच्यात उष्णता असतेच. पंपातील द्रव त्याहूनही थंड असल्यामुळे ती शोषून घेऊन वायुरूप होतो, कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, दाबल्याने त्याचे तापमान चढते, आणि ती उष्णता रेडिएटरच्या पाण्याला दिली जाते. एक युनिट वीज खर्चून तीन किंवा चार युनिट उष्णता घरात येते, ती या रीतीने. हे प्रमाण वर्षभराच्या सरासरीने सांगतात तेव्हा त्याला व्यवसायातले लोक 'स्कॉप' म्हणतात, आणि साऱ्या व्यवहाराची किल्ली या एका आकड्यात आहे. पंपाला पाणी जितके अधिक तापवावे लागेल तितका हा आकडा घसरतो; पाण्याचे तापमान एका अंशाने उतरविले तर कार्यक्षमता ढोबळमानाने दोन-तीन टक्क्यांनी सुधारते. गॅस बॉयलर रेडिएटरला साठ-सत्तर अंशांचे पाणी पाठवितो. हीट पंपाने पस्तीस ते पंचेचाळीस अंशांवर घर उबदार ठेवावे अशी अपेक्षा असते. कमी तापलेल्या पाण्याने तेवढीच ऊब द्यावयाची तर रेडिएटरचे पृष्ठफळ वाढविले पाहिजे. म्हणून जो विक्रेता 'आपले एकही रेडिएटर बदलावे लागणार नाही' असे घर न मोजताच सांगतो, त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.

हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. ऑफजेमने ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 या तिमाहीसाठी ठरविलेल्या कमाल दरांत विजेचे युनिट सरासरीने 26.35 पेन्सचे होते आणि गॅसचे 6.29 पेन्सचे, म्हणजे वीज गॅसच्या चौपटीहून थोडी महाग. ज्या घराला वर्षाकाठी दहा हजार युनिट उष्णता लागते, तेथे नव्वद टक्के क्षमतेने चालणारा बॉयलर सुमारे 699 पौंडांचा गॅस जाळील. त्याच घरात पंपाचा स्कॉप चार असेल तर वीज 659 पौंडांची लागेल, आणि तो 2.8 असेल, म्हणजे अनुदानाच्या नियमाने जी किमान मर्यादा घातली आहे तिच्यावर असेल, तर 941 पौंडांची. या दोन आकड्यांतील अंतर दरवर्षीचे 282 पौंड आहे, आणि दोन्ही घरांना अनुदान सारखेच मिळालेले आहे! सरकारची किमान अट पूर्ण करणारा पंप आपल्या खिशाला परवडेलच अशी हमी त्या अटीत नाही, ही गोष्ट प्रत्येक घरमालकाने करारावर सही करण्यापूर्वी नीट समजून घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

या हिशेबात एक बाब आणखी आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकघराशी निगडित आहे. गॅस वापरा वा न वापरा, गॅसचे मीटर घरात असले की रोजचा स्थिर आकार भरावा लागतो. उपरोक्त तिमाहीत तो दिवसाला सुमारे 34 पेन्स, म्हणजे वर्षाचा 124 पौंडांच्या घरात होता. मीटर काढून टाकले तर ही रक्कम वाचते, आणि मग पंपाचा स्कॉप 3.2 असला तरी गॅसची बरोबरी होते. परंतु बॉयलर गेला तरी गॅसची शेगडी राहिली, तर मीटरही राहते आणि आकारही. भाकरी फुगावी ती आचेवर, फुलका शेकावा तो ज्योतीवर, ही आपली जन्माची सवय आहे, आणि तिला मोल नाही असे मी म्हणणार नाही. केवळ एवढेच सुचवितो की त्या सवयीची वार्षिक किंमत आता आकड्यांत ठाऊक आहे, तेव्हा इंडक्शनच्या शेगडीवर तवा महिनाभर वापरून पाहावा आणि घरात ज्यांच्या हाती स्वयंपाक आहे त्यांनीच मग काय ते ठरवावे.

उत्तम कामाची पहिली खूण म्हणजे घराचे खोलीवार मोजमाप. चांगला सर्वेक्षक प्रत्येक खोलीत जातो. भिंतीची लांबी-उंची मोजतो, खिडकीची काच एकपदरी की दुपदरी ते पाहतो, भिंत पोकळ आहे की भरीव हे तपासतो, माळ्यावर चढून अस्तराची जाडी मोजतो, जमिनीखाली फळ्या आहेत की काँक्रीट हे विचारतो, आणि प्रत्येक रेडिएटरची लांबी, उंची व पदर टिपून घेतो. त्यावरून तो असे गणित करतो, की बाहेर त्या भागातली कडाक्याची थंडी असताना, लंडनच्या आसपास हे तापमान उणे दोनच्या सुमारास धरतात, या खोलीतून दर तासाला किती उष्णता बाहेर जाईल आणि ती भरून काढण्यास हा रेडिएटर पुरेल काय. हे काम तासाभरात उरकत नाही. जो मनुष्य घराचे चौरसफूट विचारून फोनवरच पंपाचा आकार सांगतो, त्याचे दरपत्रक कितीही आकर्षक असले तरी बाजूला ठेवावे.

या मोजमापाच्या वेळी आपण स्वतः घरी हजर असावे. कारण मराठी घराच्या राहणीतील काही गोष्टी इंग्रज सर्वेक्षकाच्या कोष्टकात नसतात. रूढ कोष्टकात बैठकीच्या खोलीसाठी एकवीस अंश आणि झोपण्याच्या खोलीसाठी अठरा अंश धरलेले असतात. पुण्याहून किंवा रत्नागिरीहून आई-वडील हिवाळ्यात चार महिने राहावयास येणार असतील तर अठरा अंशांची खोली त्यांना सोसणार नाही, आणि अठरा अंशांसाठी निवडलेला रेडिएटर पुढे थर्मोस्टॅट कितीही चढविला तरी बावीस अंश देऊ शकणार नाही. ज्या खोलीत वडीलधारी मंडळी झोपतील ती बावीस अंशांसाठी आखावी, असे सर्वेक्षकाला आधीच सांगावे आणि त्याच्या अहवालात तसे लिहून घ्यावे. त्या एका खोलीपुरता मोठा रेडिएटर ही खर्चाची क्षुल्लक बाब आहे. मागाहून बदलणे तसे नाही.

तीच गोष्ट स्नानाच्या पाण्याची. कॉम्बी बॉयलर असलेल्या घरात गरम पाण्याची टाकी नसते, नळ उघडला की पाणी तापते. हीट पंपाला टाकी लागते, बहुधा दोनशे ते तीनशे लिटरांची, आणि तिला कपाटाएवढी जागा घरातच शोधावी लागते. कपड्यांचे किंवा जिन्याखालचे कपाट तिच्या पोटात जाण्याची तयारी ठेवावी. टाकी एकदा रिती झाली की पुन्हा तापावयास बॉयलरहून अधिक वेळ लागतो. एरवी चौघांच्या घराला जे पाणी पुरते ते दिवाळीच्या पहाटे, घरात आठ पाहुणे आणि प्रत्येकाला अभ्यंगस्नान, अशा वेळी पुरणार नाही. टाकी एक आकार मोठी घ्यावी, हे माझे मत. जागा असेल तर याबाबतीत काटकसर करू नये.

दरपत्रके किमान तीन मागवावीत आणि त्यांची तुलना केवळ रकमेवरून करू नये. प्रत्येकाला हे विचारावे: सर्वांत थंड दिवशी रेडिएटरच्या पाण्याचे तापमान किती धरून आराखडा केला आहे? पंचेचाळीस किंवा त्याहून कमी असे उत्तर आले तर काम विचारपूर्वक झाले आहे असे समजावे. पंचावन्न आले तर कोणते रेडिएटर बदलल्यास ते उतरेल, आणि त्याचा खर्च किती, हे लिहून मागावे. या जागी खर्चलेले पाच-सातशे पौंड बिलातून वसूल होतात, म्हणून अनुदानाने मोकळा झालेला पैसा घालण्यास याहून योग्य ठिकाण मला दिसत नाही. बाहेरच्या हवेनुसार पाण्याचे तापमान आपोआप कमी-जास्त करण्याची सोय पंपात असते. ती चालू करून देणे हा कामाचाच भाग मानावा आणि करारात तसे नमूद करावे. घरी येऊन केलेल्या विक्रीच्या करारातून बाहेर पडण्यास कायद्याने चौदा दिवसांची मुदत सामान्यतः असते. इसाऱ्याची रक्कम शक्य तर क्रेडिट कार्डाने द्यावी, कारण 1974 च्या ग्राहककर्ज कायद्यातील 75 व्या कलमान्वये शंभर पौंडांहून अधिक व तीस हजारांपर्यंतच्या वस्तूबाबत कार्डाची बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरता येते. 'सरकारच्या वतीने बोलतो आहोत, आजच सही केली नाही तर अनुदान जाईल' असे दारात वा दूरध्वनीवर सांगणाऱ्यास नम्रपणे निरोप द्यावा. सरकार अशा रीतीने कोणाचे दार ठोठावीत नाही.

इंग्लंडात पंपाची पेटी बाहेर बसविण्यास बहुतेक स्वतंत्र घरांना नियोजन-परवाना लागत नाही, आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर अंतर राखण्याची जुनी अटही 2025 च्या मे अखेरीस रद्द झाली; आवाजाची मर्यादा मात्र आहे आणि तिचा हिशेब कारागिराने करून दाखवावयाचा असतो. संरक्षित ऐतिहासिक वास्तूंना परवानगी हवीच. फ्लॅट दीर्घ पट्ट्याने घेतलेला असेल तर मूळ जमीनमालकाची लेखी संमती सर्वांच्या आधी मिळवावी.

स्कॉटलंडात राहणाऱ्यांना ही योजना लागू नाही. तेथे 'होम एनर्जी स्कॉटलंड'कडून साडेसात हजार पौंडांचे अनुदान, दुर्गम भागांत व बेटांवर नऊ हजारांचे, आणि हवे असल्यास आणखी साडेसात हजारांचे बिनव्याजी कर्ज मिळते. अर्ज घरमालकाने स्वतः करावयाचा असतो आणि मंजुरीपत्र हाती येण्याआधी काम सुरू केले तर हक्क जातो. इंग्लंडात ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न 36,000 पौंडांच्या आत आहे आणि घराचा ईपीसी 'डी' किंवा त्याखालचा आहे, त्यांनी आधी आपल्या स्थानिक कौन्सिलकडे 'वॉर्म होम्स : लोकल ग्रँट'ची चौकशी करावी, 2025 साली सुरू झालेल्या त्या योजनेत पात्र ठरणाऱ्याला अधिक मोठे साहाय्य मिळू शकते.

योजना कायम राहतील असे धरून चालू नये, याचे ताजे उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथे हीट पंपाच्या खर्चाच्या तीस टक्के, कमाल दोन हजार डॉलर, प्राप्तिकरातून सूट मिळत असे. 4 जुलै 2025 रोजी सही झालेल्या कायद्याने ती 31 डिसेंबर 2025 नंतर बंद केली, आणि न्यू जर्सी वा मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या मराठी कुटुंबांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हटले त्यांच्या हातून ती गेली. तेव्हा ब्रिटनमधील वाचकांनीही चालू नियम सरकारच्या संकेतस्थळावर सहीच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचून पाहावेत.

काम काढण्यास एप्रिल ते ऑगस्ट हा काळ उत्तम. बॉयलर जानेवारीत बंद पडला की घरात थंडीने कुडकुडणाऱ्या मुलांकडे पाहून मनुष्य जो मिळेल तो बॉयलर बसवून मोकळा होतो, आणि पुढील दहा-बारा वर्षे अनुदानाचा विषय उरत नाही. उन्हाळ्यात मात्र तीन दरपत्रके मागविण्यास, माळ्याचे अस्तर उरकण्यास आणि व्हाउचरच्या तीन महिन्यांत निवांतपणे काम करून घेण्यास सवड असते. पंप बसल्यावर एमसीएसचे प्रमाणपत्र, हमीपत्र आणि उष्णतेच्या हिशेबाचा अहवाल एका फायलीत लावून ठेवावा. घर विकताना खरेदीदाराचा वकील ते मागतो. काही वीजकंपन्या हीट पंप असलेल्या घरांना दिवसाच्या ठरावीक तासांत स्वस्त वीज देतात, ऑक्टोपस एनर्जीचा 'कोझी' दर हा त्यांतला एक. त्याची चौकशी पंप सुरू झाल्याच्या आठवड्यातच करावी आणि पाण्याची टाकी तापविण्याची वेळ त्या तासांत बसवावी. पंप रात्री बंद करून सकाळी एकदम पेटविण्याची बॉयलरची सवय सोडून तो मंद गतीने अखंड चालू ठेवावा. पहिल्या हिवाळ्यात दर रविवारी पंपाच्या पडद्यावरील दोन आकडे, खर्च झालेली वीज आणि मिळालेली उष्णता, वहीत उतरवून दुसऱ्याला पहिल्याने भागावे. भागाकार सतत तीनच्या खाली राहिला तर कारागिराला बोलावून पाण्याचे तापमान उतरवून घ्यावे, आणि त्याची ही एक फेरी विनामूल्य असेल हे कलम करारनाम्यात आधीच घालून ठेवावे.